भर मांडवात भरलेली ओटी

माझ्या नातीच्या खोलीत कुठल्याशा परदेशातल्या गाणाऱ्या पोरांचं मोठं चित्र लावलंय. नाजूक पोरं, ओठ रंगवलेले, कानांत डूल, एकाचे तर केस जांभळे. तिचा बाप येता-जाता म्हणतो, "काढ ते आधी. मुलगे आहेत की मुली, काही कळत नाही." नात चिडते आणि माझ्याकडे बघते, म्हणजे आजी आता काहीतरी बोलेल. आजी काय बोलणार? आजीला आपली गावची नायिका आठवते, आणि सत्तर वर्षांपूर्वी डोक्यात झालेला गुंता पुन्हा जसाच्या तसा समोर येतो. अजून सुटलेला नाही तो. लिहिता लिहिता सुटतोय का बघते.

स्वातंत्र्य मिळून एक-दोन वर्षं झाली असतील. वसईच्या किनाऱ्याकडे आमची वाडी. पुढे केळी, मागे पानवेली, विहिरीवर रहाट, आणि कुंपणाच्या कडेकडेने मोगरा, अबोली, सोनचाफा. मी बारा-तेरा वर्षांची. शाळा चौथीतच सुटलेली, म्हणून दिवसभर हात फुलांत. आमच्याकडे वेणीला सुई-दोरा लागत नाही. केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे काढायचे, पाण्यात भिजवायचे आणि त्यांनी फुलं बांधत जायची. धागा कोरडा पडला तर तुटतो, फार ओला असला तर सुटतो. हे ज्याला जमलं त्याला वेणी जमली. आमच्या गावात ते सगळ्यांत छान एका पुरुषाला जमायचं.

तो तीन वाड्या सोडून राहायचा. बावीस-तेवीस वर्षांचा, घरी विधवा आई आणि तो, दोघंच. दिवसा पानवेलींना पाणी लावायचा, पानं खुडायचा, आणि वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला, लुगडं नेसून नाटकात नायिका व्हायचा. नाटक मंडळी आमच्या गावचीच. माझे बाबा पेटी वाजवायचे. तेव्हा रॉकेल रेशनवर, बत्त्यांना पुरायचं नाही, म्हणून नाटक दुपारी तीनला मांडवात व्हायचं. लख्ख उजेडात. आता उजेडात सोंग लगेच उघडं पडतं की नाही? नायक झालेल्या आमच्या शेजाऱ्याची मिशी घामाने एका बाजूने सुटायची आणि पोरं ओरडायची, "मिशी सांभाळ, मिशी!" पण नायिका आली की मांडव चिडीचूप. तिच्यात शोधूनही कोणी पुरुष सापडायचा नाही. मी शोधायचे ना! पहिल्या रांगेत बसून अगदी डोळे ताणून शोधायचे.

बोलपटातल्या नट्या होत्या म्हणा तेव्हाही, कॅलेंडरवर दिसायच्या. पण त्या काही आमच्या विहिरीवर येत नव्हत्या. हा यायचा. एका वर्षी त्याने वेणी अंबाड्यावर मधोमध न माळता जरा डाव्या कानाकडे कलती माळली. आठ दिवसांत आसपासच्या वाड्यांतल्या बायकांच्या वेण्या डावीकडे कलल्या. माझी म्हातारी आत्या म्हणाली, "काय गो, सगळ्यांच्या माना एकदम धरल्या काय?" त्याने पदर खांद्यावरून सोडून पुढे हातावर घेतला, की लगेच आमच्या ताईने तसा घेतला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, सतराची. ती तर पाण्याची कळशीसुद्धा त्याच्यासारखी कमरेवर घ्यायची, आणि तो नाटकात घ्यायचा ती रिकामी असायची हे विसरून दर वेळी पाय भिजवून घ्यायची.

दुपारी काम आटोपलं की तो आमच्या मागच्या पडवीत येऊन बसायचा, बायकांत. आम्ही पोरी त्याला दादा म्हणायचो. आई त्याच्यापुढे फुलांची परडी सरकवायची. "बस रे बाबा. तुझा हात लागला की वेणीला वळण येतं." तो मांडी घालून बसायचा, धागा दातांत धरायचा, आणि मग कोणाच्या घरी काय शिजलं इथपासून कोणाची सासू कशी बोलली इथपर्यंत सगळ्या गप्पा. पुढच्या ओट्यावर बाबांबरोबर बसलेले पुरुष मोठ्याने म्हणायचे, "काय, बाईसाहेबांची बैठक भरली का मागे?" तो तिथूनच उत्तर द्यायचा, "भरली. तुमच्या घरचंच चाललंय." पाचूबंदरची मासेवाली पाटी घेऊन यायची तीही त्याला सोडायची नाही. "गो बाय, तुमची नायिका तर आज पानी पन भरते, फुलां पन गुंफते. आमच्या बंदरावर देता का? जालं वीनायला एक मानूस कमीच हाय." तो म्हणायचा, "येतो की मावशी, पण मला बोंबलाचा वास सोसत नाही," आणि सगळ्या खो खो हसायच्या.

मला तो फार आवडायचा. आता आवडायचा म्हणजे कसा, हे तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. मला तो आवडायचा, की नाटकातली ती आवडायची, की मलाच ती व्हायचं होतं? रात्री अंथरुणावर पडले की मी मनात दोघांना शेजारी शेजारी उभं करून बघायचे. एकाचा चेहरा आठवला की दुसरीचा जायचा.

त्या वर्षीच्या नाटकात नायिका सासरी जायला निघते असा प्रसंग होता. बापाने गरिबीमुळे लांब दिलेली पोर, पुन्हा माहेरी यायला मिळेल की नाही ठाऊक नाही, असं सगळं. तो उंबऱ्याशी उभा राहिला, म्हणजे ती उभी राहिली, मागे वळून बघितलं, आणि बायकांच्या बाजूला नाकं ओढायला सुरुवात झाली. बाबांची पेटी रडायला लागली. आता ती निघणार, इतक्यात माझ्या शेजारून आई उठली. मला वाटलं, लहान भावाला बाहेर नेतेय. ती सरळ रंगमंचाकडे चालायला लागली.

झालं होतं असं, की मंडळींनी सगळं आणलं होतं. पडदा, खोटा उंबरा, गाठोडं. पण सासरी निघालेल्या मुलीची ओटी भरायचं कोणाच्या ध्यानातच नव्हतं. पुरुषांनी बसवलेलं नाटक ते. बायकांत आधीच कुजबुज सुरू झाली होती, "अगो, रिकाम्या ओटीने धाडतात काय पोरीला? अभद्र!" आई काही कुजबुजत बसणाऱ्यांतली नव्हती. नाटक संपल्यावर देवीची ओटी भरायची म्हणून तिने ताटात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि खण असं सगळं आणलेलंच होतं. ते ताट घेऊन ती वर चढली. नायक बाजूला झाला. बाबांची पेटी बंद पडली. त्यांनी भाता दाबला तो तसाच हातात. आईने नायिकेला कुंकू लावलं आणि म्हणाली, "पदर धर गो." आणि त्याने धरला. दोन्ही हातांनी, नीट, खाली मान घालून. आईने पाच ओंजळी तांदूळ घातले, वर नारळ ठेवला, खण ठेवला. हिरवा खण, लाल काठाचा. मग देवीसाठी काही उरलं नाही तेव्हा म्हणाली, "देवी समजून घेईल," आणि खाली उतरली.

मांडवाने टाळ्या वाजवल्या. नाटकात असंच आहे असं परगावच्या लोकांना वाटलं. बाबा घरी आल्यावर तीन दिवस आईशी बोलले नाहीत. मला मात्र आठवतो तो त्याचा चेहरा. तो रडत होता, पण मघाशी नाटकातलं रडत होता तसं नव्हे. मघाचं रडणं सुंदर होतं. या रडण्याने नाक लाल झालं होतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्याची आई आमच्याकडे आली, केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, ती आमच्याकडची वाळवलेली केळी, घेऊन. ओट्यावर बसली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग ताईला मागितलं. "वहिनी, पोराचं आता व्हायला हवं. लोक काय काय बोलतात. माझ्या भावाने सांगितलंय, लग्न झालं की लुगडं बंद. मिशी ठेवायची, वाडी बघायची. तुमची पोर आली की तो येईल ठिकाणावर." बाबांना आनंद झाला, त्यांच्या मंडळींची नायिका, वाडी चांगली, माणूस निर्व्यसनी. आई एवढंच म्हणाली, "पोरीला विचारते." ताईला काय विचारायचं! दाराआड उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं, कानापर्यंत लाल झाली होती. हो म्हणाली आणि मागच्या दाराने पळाली. गावातल्या साऱ्या पोरी ज्याच्यासारखी वेणी माळत होत्या, तो हिच्या घरी, नव्हे, ही त्याच्या घरी. येत्या गुरुवारी साखर वाटायची ठरली.

मंगळवारी मी रहाटाशी परडी भिजवायला गेले तर तो पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसला होता. रोजचा हसरा चेहरा नाही. म्हणाला, "तुझ्या आईला माझा एक निरोप सांगशील? फक्त आईला."

म्हटलं, "सांगते की."

"सांग, मला लग्न नको."

मी म्हटलं, "ताई आवडत नाही तुला?"

"आवडते गं. म्हणून तर नको." मग पाण्यात बघत म्हणाला, "मला नवरा होता येणार नाही. कोणाचाच. तिच्या जन्माचं वाटोळं होईल."

"मग तूच सांग ना तुझ्या आईला."

"सांगितलं. ती विहिरीकडे धावली. मामा म्हणाला, एकदा लग्न झालं की सगळं सुरळीत होतं." तो थोडं हसला. "तुझ्या आईला कळेल असं वाटतं मला. का वाटतं, माहीत नाही."

मला काहीच कळलं नाही. नवरा व्हायला काय लागतं? माझ्या बाबांसारखं ओट्यावर बसून चहा मागायचा, एवढंच तर. मी तसं म्हटलंही. तो हसला, आणि परडी उचलून द्यायला खाली वाकला, तेव्हा सदऱ्याच्या गळ्यापाशी आत काहीतरी हिरवं दिसलं. लाल काठ. आईने ओटीत घातलेला तो खण, चोळी शिवलेला, अंगात. मी म्हटलं, "दादा, आज तर नाटक नाही." त्याने पटकन गळ्यावर हात धरला. "नाही," म्हणाला, "आज नाटक नाही." आणि उठून गेला.

आता खरं सांगते, मी निरोप सांगितला नाही. मंगळवार गेला, बुधवार दुपार झाली. ताई आरशापुढे बसून वेणी कलती करून बघत होती, गुणगुणत होती. आणि मलाही तो घरातला व्हायला हवा होता. म्हणजे मला त्याला हवं तेव्हा भेटता आलं असतं, रोज, हक्काने. त्याचं वाटोळं, तिचं वाटोळं हे शब्द मोठ्यांचे. ताईला सांगावं तर ती रडणार, आईला सांगावं तर ताई रडणार, न सांगावं तर कोण रडणार ते कळेना.

बुधवारी संध्याकाळी आई आणि मी दुसऱ्या दिवशीच्या वेण्या बांधत होतो. माझा धागा तीनदा तुटला. आई म्हणाली, "काय खुपतंय?" आणि मी सगळं ओकून टाकलं. नवरा होता येणार नाही, मामा, विहीर, सगळं. आई बांधतच राहिली. नवरदेव असं काहीबाही म्हणतातच, असा चेहरा करून. मग मी खणाचं सांगितलं, तेव्हा हात थांबले.

"हिरवा?"

"हो."

"लाल काठाचा? शिवलाय?"

"अंगात घातलाय. सदऱ्याच्या आतून. आणि नाटक नसताना."

आईने हातातली अबोली पुन्हा बांधायला घेतली. मग म्हणाली, "कोणाला बोलू नको." तिने बांधलेली ती वेणी सैल झाली होती. आईची सैल वेणी मी आयुष्यात ती एकच बघितली.

गुरुवारी ते आले. त्याची आई, मामा, आणि मागून तो, स्वच्छ सदरा-धोतर, गळ्यात उपरणं, ओठावर चार दिवसांची मिशी. ती मिशी त्याच्या तोंडावर नाटकातल्या मिशीपेक्षा खोटी दिसत होती. ताई आत नवं लुगडं नेसून तयार. बाबांनी साखरेची वाटी उचलली, आणि आई माजघरातून बाहेर येऊन म्हणाली, "थांबा. हे लग्न मला करता येणार नाही."

बाबा म्हणाले, "आता काय?"

"मी त्याची ओटी भरली आहे. चारचौघांत. सासरी जाणारी पोर म्हणून. या घरची माहेरवाशीण झाली ती. घरच्या लेकीला जावई कसं करू मी?"

मामा मांडीवर थाप मारून हसला. "ऐका! मग आता याला मंगळागौरीला पण घेऊन जा!"

बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, ते नाटक होतं."

"नाटक तुमचं होतं," आई म्हणाली. "तांदूळ माझ्या कणगीतले होते. नारळ माझ्या माडाचा होता. कुंकू मी माझ्या बोटाने लावलं. ते खोटं कसं म्हणू?"

"वेड लागलंय तुम्हांला वहिनी," त्याची आई रडायला लागली. "कुठल्या जमान्यातलं हे!"

"असेन वेडी. पण माझी लेक मी माझ्या लेकीला देणार नाही. पाप आहे ते. आणि दुसऱ्या कोणी दिली तरी मी जाऊन सांगेन, आधी माझ्याकडे विचारा म्हणून."

आईचा आवाज जराही चढला नव्हता. मामा म्हणाला, असली सोवळी बाई बघितली नाही. बाबांनी वाटी खाली ठेवली. देवाधर्माच्या बाबतीत आईपुढे त्यांचं कधी चालत नसे, हे साऱ्या गावाला माहीत होतं. दादा इतका वेळ जमिनीकडे बघत होता. ते उठून निघाले तेव्हा आई म्हणाली, "थांब. माहेरवाशीण घरातून रिकामी जात नाही." आणि आतून नारळ आणला. मामा पायरी उतरला होता. दादा वळला, आणि त्याने उपरण्याचं टोक दोन्ही हातांत धरून पुढे केलं, अगदी पदर धरतात तसं. आईने नारळ घातला.

गावात हसं झालं ते आईचं. सहा महिने बायका तिला विचारायच्या, "काय गो, तुझ्या मिशीवाल्या लेकीचं कसं काय?" त्याचं मात्र सुटलं. जिथे जिथे त्याच्या आईने शब्द टाकला तिथे तिथे ही गोष्ट आधी पोचलेली असायची. नाटकात खरी ओटी भरलेला मुलगा म्हणून लोक हसत हसत नाही म्हणायचे, आणि कोणी त्याहून वाईट काही बोलायचं नाही. त्याने मिशी काढली. पुढे मंडळींनी नायिकेच्या कामाला मुंबईहून बाई आणली, तर तिला लुगडं नेसवायला हाच. ताईने पाणी आणताना कळशी डोक्यावर घ्यायला सुरुवात केली आणि वेणी माळणंच सोडलं. वर्षभर ती आईशी कामापुरतं बोलायची. मग उमेळ्याला दिली तिला. माणूस चांगला मिळाला. पण निरोप मी सांगितला हे तिला कधी कळू नये म्हणून मी देवाला नारळ बोलले होते, आणि मी खरंच बरोबर केलं की तिचं सुख मोडलं, हे माझं मला ठरवता येत नव्हतं.

दर वर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तो माहेरी यायचा. असंच म्हणायचा, हसत, "माहेरी आले." आई जेवायला घालायची आणि निघताना खण द्यायची, नारळ-तांदळासकट. एकदा, मी मोठी झाल्यावर, तिला विचारलं, "आई, तेव्हा तुला काय कळलं होतं गं?" ती म्हणाली, "काय कळायचं? ओटी भरली होती ना मी?" आणि भाजी चिरायला लागली. तिला सगळं कळलं होतं की काहीच नाही, खरंच पापाला भ्यायली होती की एवढं मोठं नाटक आमच्या ओट्यावर एकटीने करून गेली, ते तिच्याबरोबर गेलं.

आई गेली त्याच्या पुढच्या जत्रेला आम्ही दोघी बहिणी बाबांकडे होतो. तो येईल का, आला तर काय करायचं, मला सुचेना. तो आला. केस कानशिलावर पिकायला लागले होते. पडवीत बसला, आमच्याबरोबर वेण्या बांधल्या, जेवला, आणि उठताना क्षणभर घुटमळला. मी ताईकडे बघितलंच नाही, बघायची हिंमत नव्हती. ताई उठली, आत गेली आणि ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, हळकुंड आणि हिरवा खण. खण तिने उमेळ्याहून येतानाच आणला होता. त्याने उपरणं धरलं. तिने पाच ओंजळी घातल्या, खण वर ठेवला आणि हळूच म्हणाली, "या वेळी शिवताना गळा जरा वर घे. वाकलास की दिसतं."

तो हसला, ती हसली.

तिला कोणी सांगितलं? मी नाही. आई सांगणार नाही. मग तिने स्वतः बघितलं असणार, पडवीत, परडीवर वाकताना. पण कधी? नंतर कधीतरी, की आधीच, ती कानापर्यंत लाल होऊन हो म्हणाली त्याच्याही आधी? आणि आधी असेल तर मग ती कशाला हो म्हणत होती, आणि वर्षभर आईवर रुसली ती कोणासाठी?

ताई आता अठ्ठ्याऐंशीची आहे. गेल्या महिन्यात भेटून आले. विचारायचं ठरवून गेले होते. पण तिला ऐकायला अजिबात येत नाही, कानाशी जाऊन ओरडावं लागतं, आणि शेजारच्या खोलीत तिच्या सुना, नातवंडं. हे असं ओरडून कसं विचारणार? तिच्यासाठी वेणी नेली होती, ती माळली. मी मधोमध माळत होते. तिने माझा हात धरला आणि डावीकडे सरकवला.